हॉटेल सुधारलं हे कशावरून? आधी-नंतरच्या तुलनेची गोष्ट

गेल्या फेब्रुवारीत एका परिसंवादासाठी नागपूरला दोन रात्री राहणं झालं. सोय आयोजकांनीच केली होती. सीताबर्डीच्या भर वस्तीतलं, मध्यम दराचं, कामानिमित्त फिरणाऱ्या लोकांचं हॉटेल. नुकतंच नूतनीकरण झालेलं. लिफ्टमध्ये एक चकचकीत पाटी लावली होती: नूतनीकरणाआधी आमचं ऑनलाइन रेटिंग चारच्या खाली होतं, आता ते साडेचारला टेकलं आहे, धन्यवाद!

इतर वेळी मी अशा पाटीकडे बघितलंही नसतं. पण माझ्या बॅगेत त्या दिवशी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं आणि त्या प्रकरणाचा सगळा डोलारा अगदी ह्याच वाक्यावर उभा होता. फक्त 'हॉटेल'च्या जागी 'तलाव' आणि 'नूतनीकरणा'च्या जागी 'गाळ काढणं'. मी पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांवर (तिकडे सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात) काम करते. गाळ काढण्याआधी पाण्याची तपासणी केली, काढल्यावर केली, पाणी सुधारलं. प्रकरण संपलं, असं मला वाटत होतं. नागपूरला निघायच्या आठ दिवस आधी संशोधन सल्लागार समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता: "आणि ज्या तलावांचा गाळ काढला नाही, त्यांचं पाणी त्या वर्षी कसं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांची मेहनत, शेकडो नमुने, आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही. समितीची पुढची बैठक दीड महिन्यावर होती.

म्हणून त्या दोन रात्री मी हॉटेलकडे एका प्रयोगासारखं बघत राहिले. तुम्ही पीएचडीला लागणार असाल, प्रस्ताव लिहीत असाल, तर मला उशिरा समजलेलं तुम्हाला लवकर समजावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे ठरवा: नक्की बदललं काय?

खोलीत शिरल्या शिरल्या नवेपणा जाणवत होता. लाकडासारखी दिसणारी नवी फरशी, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगची सोय, बाथरूममध्ये प्लास्टिकच्या पडद्याऐवजी काच, भिंतीवर संत्र्याच्या बागेचं चित्र. पण लिफ्ट जुनीच, कुरकुरणारी. रात्री वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की भिंतीतून आवाज यायचा, म्हणजे पाइपही जुनेच असावेत. डोळ्यांना दिसतं तेवढं बदललं होतं, भिंतीच्या आतलं बहुधा नव्हतं.

शिवाय नूतनीकरणाबरोबर आणखीही गोष्टी झाल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने सहज सांगितलं की दर वाढलेत, स्वयंपाकघराचा ठेकेदार बदललाय आणि सातव्या मजल्यावर लाउंज नव्याने सुरू झालाय. आता पाटी म्हणते, 'नूतनीकरणामुळे रेटिंग वाढलं'. पण कशामुळे? फरशीमुळे, नाश्त्यामुळे, लाउंजमुळे, की दर वाढल्याने वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं म्हणून?

संशोधनाच्या भाषेत ह्याला उपचाराची व्याख्या म्हणतात. इथे 'उपचार' म्हणजे ज्याचा परिणाम तपासायचा ती गोष्ट. ती एका वाक्यात नेमकी सांगता आली नाही, तर पुढचं सगळं गणित भुसभुशीत जमिनीवर उभं राहतं. माझ्या तलावांचंही तेच होतं. मी 'गाळ काढला' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात एका तलावाचा फक्त गाळ काढला होता, दुसऱ्याची पाळही दुरुस्त केली होती आणि तिसऱ्यात त्याच वर्षी मासेमारी सोसायटीने मत्स्यबीज सोडलं होतं. तिन्ही मी एकाच रकान्यात टाकले होते.

मधल्या काळात जग थांबलेलं नसतं

आता वेळेचं बघू. हॉटेलवाले नूतनीकरण कधी काढतील? नागपुरात एप्रिल-मे म्हणजे पारा 45 अंशांच्या आसपास जाणारे दिवस. तेव्हा खोल्या त्यातल्या त्यात रिकाम्या असतात, म्हणून काम उन्हाळ्यात निघतं. म्हणजे 'आधी'चे शेवटचे रिव्ह्यू उकाड्यातले, एसी पुरत नाही म्हणून वैतागलेल्या लोकांचे. 'नंतर'चे पहिले रिव्ह्यू पावसाळ्यातले आणि गुलाबी थंडीतले. एकही फरशी बदलली नसती, तरी ह्या दोन गटांत फरक दिसला असता.

डिसेंबरचं तर वेगळंच. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा शहरातली हॉटेलं मंत्रालयातली माणसं, कार्यकर्ते, पत्रकार, मोर्च्यांसाठी आलेले लोक अशांनी भरून जातात. तो पाहुणा आणि जुलैत औषधांच्या नमुन्यांची बॅग घेऊन येणारा प्रतिनिधी, दोघांच्या अपेक्षा वेगळ्या. दोघांनी दिलेले तारे मात्र एकाच सरासरीत जातात.

आणि मेट्रो! नागपूर मेट्रो 2019 च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातले उरलेले मार्ग डिसेंबर 2022 मध्ये खुले झाले. दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच एकमेकींना भेटतात. काम चालू असताना त्या भागात राहिलेल्या कुणालाही विचारा: पत्र्याचे अडथळे, धूळ, वळवलेली वाहतूक. काम संपल्यावर ते सगळं गेलं आणि वर स्टेशन हाकेच्या अंतरावर आलं. त्या सुमारास तिथल्या कुठल्याही हॉटेलने नूतनीकरण केलं असतं, तर वाढलेल्या ताऱ्यांत मेट्रोचा वाटा किती आणि फरशीचा किती, हे नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांवरून कधीच कळलं नसतं.

अशा तिसऱ्या गोष्टीला गोंधळ घालणारा घटक म्हणू या. तो उपचाराबरोबरच येतो, परिणामावरही असर करतो आणि श्रेय मात्र उपचाराला मिळतं. माझ्या तलावांत हा घटक होता पाऊस. 'आधी'चं वर्ष ओढीचं होतं. पाणी कमी, त्यामुळे त्यात विरघळलेलं सगळं दाट. 'नंतर'च्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि तलाव काठोकाठ भरले. फॉस्फरसचं प्रमाण उतरलं ते गाळ काढल्यामुळे, की पाण्याने पातळ झाल्यामुळे? मॅडमच्या प्रश्नाचा रोख तिथेच होता.

सगळ्यात वाईट वेळीच माणूस दुरुस्ती करतो

हा मुद्दा जरा चकवा देणारा आहे.

मालक खर्चाला कधी तयार होतो? तक्रारींचा ढीग साचतो तेव्हा. म्हणजे नूतनीकरणाच्या आधीचा काळ हा सहसा त्या हॉटेलचा सर्वांत पडता काळ असतो. त्यातला काही भाग खरोखरच जुन्या गाद्यांमुळे, आणि काही भाग निव्वळ दैवयोग: एक महिना लिफ्ट बंद, दोन लग्नांची वऱ्हाडं एकदम आली, चार चिडक्या लोकांनी एकाच आठवड्यात रिव्ह्यू लिहिले. हा दैवयोगाचा भाग पुढच्या वर्षी तसाच राहण्याचं काही कारण नाही. काहीही न करता तो सरासरीकडे परत येतो आणि आपल्याला सुधारणा झाल्यासारखं वाटतं.

फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात हे दाखवलं. ह्याला सरासरीकडे परतणं म्हणतात. धंद्याच्या जगात ह्याच्यावर एक मोठा माणूस सपशेल घसरला. होरेस सेक्रिस्ट ह्या अमेरिकन प्राध्यापकाने 1933 मध्ये आकडेवारीने खच्चून भरलेला ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की उत्तम चालणाऱ्या कंपन्या पुढे मध्यम होतात आणि वाईट चालणाऱ्याही मध्यमाकडे येतात, म्हणजे स्पर्धेमुळे सामान्यपणाचा विजय होतो. त्या ग्रंथाचं परीक्षण करणाऱ्या एका संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हा निष्कर्ष धंद्याबद्दलचा नाहीच. टोकाची उदाहरणं निवडून त्यांचा पाठपुरावा केला की गणिताने हेच दिसणार. त्या संख्याशास्त्रज्ञाचं नाव हॅरल्ड हॉटेलिंग. आपल्या विषयाला ह्याहून चपखल आडनाव मिळणार नाही!

माझे तलाव कसे निवडले गेले होते? जिथे गावकऱ्यांची तक्रार सर्वांत जास्त होती, पाणी सर्वांत हिरवं दिसत होतं, तिथे आधी काम निघालं. गावाच्या दृष्टीने अगदी बरोबर निर्णय. पण माझ्या तुलनेच्या दृष्टीने मी टोकाचेच तलाव उचलले होते.

मोजपट्टी तीच राहिली का?

लाउंजमध्ये प्रत्येक टेबलावर एक छोटा स्टँड होता. क्यूआर कोड आणि खाली 'आवडलं असेल तर रिव्ह्यू नक्की द्या'. शब्द नीट वाचा. 'आवडलं असेल तर'. नावडलं असेल तर काउंटरवर सांगा, अशी दुसरी ओळ होती.

हा स्टँड नूतनीकरणानंतर आला. म्हणजे आधीचे तारे स्वतःहून लिहिणाऱ्यांचे, नंतरचे विनंती करून, तेही खूश पाहुण्यांकडून, मिळवलेले. ऑनलाइन रिव्ह्यूंचं एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी अनेकदा नोंदवलं आहे. पाच ताऱ्यांचा ढीग मोठा, एका ताऱ्याचा त्याहून लहान पण ठसठशीत, आणि मधे खळगा. कारण फार खूश आणि फार चिडलेली माणसंच लिहायला बसतात. 'ठीक होतं' वाटलेला माणूस चेक-आउट करून गाडी पकडतो. कोण लिहितो हे बदललं, की काहीही न सुधारता सरासरी हलते.

ह्या विषयावरचा माझा आवडता अभ्यास हॉटेलांवरचाच आहे. डिना मेझलिन, यानिव्ह डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हलिए ह्यांनी तो 2014 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत प्रसिद्ध केला. त्यांना खोटे रिव्ह्यू शोधायचे होते. पण खोटा रिव्ह्यू ओळखायचा कसा? त्यांनी एकेक रिव्ह्यू ओळखायचा नादच सोडला. ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर तेव्हा कुणीही लिहू शकत होतं. एक्सपीडियावर मात्र तिथून खोली घेऊन राहिलेल्यालाच लिहिता यायचं. म्हणजे पहिल्या ठिकाणी खोटं लिहिणं जवळजवळ फुकट, दुसऱ्या ठिकाणी महाग. त्यांनी एकाच हॉटेलचे दोन्हीकडचे रिव्ह्यू घेतले, त्यांतला फरक काढला आणि तो फरक कुठल्या हॉटेलांत जास्त आहे ते पाहिलं. ज्या हॉटेलाच्या शेजारी प्रतिस्पर्धी हॉटेल आहे, त्याला ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर तुलनेने जास्त वाईट रिव्ह्यू होते. छोट्या मालकांच्या स्वतंत्र हॉटेलांना तिथेच तुलनेने जास्त चांगले रिव्ह्यू होते. एकाही माणसाला 'तू खोटं लिहिलंस' असं न म्हणता त्यांनी खोटेपणाची सावली मोजली.

तुमच्या प्रयोगशाळेतही क्यूआर कोडचा स्टँड असतो, फक्त त्याचं रूप वेगळं असतं. माझ्या बाबतीत तो होता गढूळपणा मोजायचा मीटर. जुना बिघडला म्हणून दुसऱ्या वर्षी नवा घेतला. दोन्ही एकाच पाण्यात बुडवून फरक किती येतो हे मी तपासलंच नव्हतं. जुना कपाटात पडून होता. परत गेल्यावर दुरुस्त करून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. फरक थोडा होता, पण होता.

लाउंजचा चहा आणि निवडीचा प्रश्न

आता लाउंजबद्दल. ज्यांना अनुभव नसेल त्यांच्यासाठी: अशा हॉटेलांत एका वरच्या मजल्यावर बसायची वेगळी जागा असते. दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी दोन तास फराळ, बसून काम करायला टेबलं, शांतता. त्या मजल्यावरची महाग खोली घेणाऱ्यांना, हॉटेलच्या सभासदांना किंवा जास्तीचे पैसे भरणाऱ्यांना तिथे प्रवेश असतो. मी ह्यांपैकी काहीच नव्हते. साध्या खोल्या भरल्या म्हणून आमच्यातल्या काहींना सातव्या मजल्यावर टाकलं, त्यात मी होते.

मला खरं सांगायचं तर ते फार आवडलं. संध्याकाळी गरमागरम सांबारवडी (नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्यांनी लक्षात ठेवा), अमर्याद कॉफी, आणि तीन तास कुणी उठवलं नाही. माझ्या सादरीकरणाच्या अर्ध्या स्लाइड तिथेच बदलल्या. जेवणाचे पैसे वाचले ते वेगळेच. भत्त्यावर फिरणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला ह्याचं महत्त्व सांगायला नको. माझ्या चंद्रपूरच्या मैत्रिणीला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. तिला रस्त्याचा आवाज येत होता, रंगाचा वासही होता. मी पाच तारे दिले असते, ती तीन.

म्हणजे लाउंजमुळे समाधान दोन ताऱ्यांनी वाढतं? थांबा. सातवा मजला मुळातच शांत. तिथल्या खोल्या मोठ्या. एरवी तिथे राहणारे लोक म्हणजे कंपनीच्या पैशाने नेहमी फिरणारे. ज्याचं बिल दुसरा भरतो त्याला दर खुपत नाही. लाउंज वापरणारे आणि न वापरणारे ह्यांच्यात लाउंज सोडूनही दहा फरक आहेत. लाउंज कुणाच्या वाट्याला येतो हेच ज्या गोष्टींवर ठरतं, त्याच गोष्टी समाधानही ठरवतात. ह्याला निवडीचा दोष म्हणतात.

मला वाटलं, आमच्या गटापुरता तरी हा प्रश्न नाही. आम्ही सगळे सारखेच विद्यार्थी आणि काहींना योगायोगाने वरचा मजला मिळाला. म्हणून काउंटरवर विचारलं, "वर कुणाला टाकायचं हे कसं ठरवलंत?" उत्तर आलं, "असं काही नाही मॅडम, जे आधी आले त्यांना तयार असलेल्या खोल्या दिल्या."

बघा, आला ना घोटाळा! आधी कोण आलं? माझ्यासारखे, रात्रीच्या गाडीने लांबून येऊन सकाळी उतरलेले. उशिरा कोण आलं? जवळचे, दुपारच्या एसटीने आलेले. रात्रभर गाडीत अवघडून बसलेल्या माणसाला कुठलीही गादी स्वर्गच वाटते. म्हणजे 'योगायोग' वाटलं ते योगायोग नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा लांबचे-जवळचे, चिडके-समाधानी दोन्ही मजल्यांवर साधारण सारखे वाटले गेले असते. आणि संख्या पुरेशी मोठी असती, तर उरलेला फरक सातव्या मजल्याचा म्हणता आला असता. तेव्हासुद्धा सातव्या मजल्याचा, निव्वळ लाउंजचा नव्हे. पहिला प्रश्न परत आला: उपचार नक्की कोणता?

हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: कुणाला काय मिळालं हे कसं ठरलं? पेपर वाचताना मी आता हेच आधी शोधते.

बाथरूममधलं कार्ड

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग बघायचा असेल तर लांब जायला नको. बाथरूममध्ये एक कार्ड असतं: टॉवेल परत वापरायचा असेल तर टांगून ठेवा, पर्यावरण वाचवा. नोहा गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस ह्यांनी ह्याच कार्डावर प्रयोग केला आणि 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. जागा होती अमेरिकेतलं 190 खोल्यांचं एक मध्यम दराचं हॉटेल. काही खोल्यांत नेहमीचं पर्यावरणाचं कार्ड आणि काहींत 'इथले बहुसंख्य पाहुणे टॉवेल परत वापरतात' अशा अर्थाचं. कुठल्या खोलीत कुठलं कार्ड, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. खोल्या आवरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नोंदी ठेवल्या. पहिल्या कार्डाला 35.1 टक्के प्रतिसाद, दुसऱ्याला 44.1 टक्के.

इथे मेट्रो, उन्हाळा, अधिवेशन कशाचीच अडचण नाही. जे काही झालं ते दोन्ही प्रकारच्या खोल्यांना एकाच वेळी झालं. साधं कार्ड, साधी मोजणी, पण प्रश्नाचं उत्तर स्वच्छ.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. गेर्ड बोनर आणि लेना श्ल्यूटर ह्यांनी जर्मनीतल्या हॉटेलांत तोच प्रयोग केला आणि 2014 मध्ये निकाल छापले. तिथे 'बहुसंख्य पाहुणे'वालं कार्ड साध्या कार्डापेक्षा सरस ठरलं नाही. तिथले लोक मुळातच टॉवेल बऱ्याच प्रमाणात परत वापरत होते. म्हणजे यादृच्छिक वाटप तुम्हाला 'इथे, ह्या लोकांवर परिणाम झाला का' ह्याचं खात्रीचं उत्तर देतं. 'सगळीकडे होईल का' हा वेगळा प्रश्न, त्याला पुनरावृत्तीच लागते.

प्रयोग शक्य नसेल तर?

मालक चिठ्ठी टाकून हॉटेलचं नूतनीकरण करणार नाही. गावकरीही चिठ्ठी टाकून तलाव निवडणार नाहीत. मग आपण काय करायचं?

शेजारी बघायचं. समजा (हे आकडे निव्वळ समजावण्यासाठी मनाने घेतलेत) आपल्या हॉटेलचं रेटिंग 3.8 वरून 4.4 झालं. वाढ 0.6. त्याच रस्त्यावरच्या, तशाच दराच्या, पण नूतनीकरण न केलेल्या हॉटेलचं त्याच काळात 3.9 वरून 4.3 झालं. वाढ 0.4. मेट्रो, हवामान, अधिवेशन दोघांनाही सारखंच. म्हणून नूतनीकरणाच्या वाट्याला फार तर 0.6 वजा 0.4, म्हणजे 0.2. दोन फरकांमधला फरक. लिफ्टमधल्या पाटीवर मात्र 0.6 चं श्रेय घेतलेलं असणार.

अर्थशास्त्रात ह्या पद्धतीचं गाजलेलं उदाहरण डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर ह्यांचं. न्यू जर्सी राज्याने 1 एप्रिल 1992 ला किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. दोन्हीकडच्या 410 फास्ट फूड दुकानांत आधी आणि नंतर किती माणसं कामाला होती ते त्यांनी पाहिलं. वेतन वाढल्यावर रोजगार घटेल, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज. तशी घट त्यांना दिसली नाही. 1994 च्या त्या पेपरवर वाद झाले, अजून होतात. पण 2021 मध्ये कार्डना नोबेल मिळालं त्यामागे अशाच कामाचा मोठा वाटा होता. आमच्या पर्यावरणशास्त्रात ह्याच कल्पनेला बीएसीआय म्हणतात: आधी आणि नंतर, हस्तक्षेप झालेली जागा आणि न झालेली जागा. पहिल्या वर्षीच्या अभ्यासक्रमात मी ते शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या कामात वापरायचं राहून गेलं.

ह्या पद्धतीच्या दोन अटी विसरू नका. एक: हस्तक्षेप नसता तर दोन्हींची चाल सारखी राहिली असती, हे पटण्यासारखं हवं. म्हणून आधीच्या एका वर्षाने भागत नाही, आधीची तीन-चार वर्षं बघायला हवीत. दोन: हस्तक्षेपाचा परिणाम शेजाऱ्यावर सांडायला नको. नव्या लाउंजमुळे शेजारच्या हॉटेलचं चांगलं गिऱ्हाईक इकडे आलं, तर शेजारी उगाच घसरलेला दिसेल आणि आपली सुधारणा आहे त्याहून मोठी वाटेल.

मग तिसऱ्या प्रकरणाचं काय झालं?

परत आल्यावर मी गाळ न काढलेल्या तलावांची माहिती शोधत बसले. आमच्याच विभागात आधी एमएस्सी करून गेलेल्या एका सिनियरच्या प्रकल्पात चार तलावांच्या नोंदी सापडल्या. वर्षं जुळत होती आणि तपासणीची पद्धतही तीच होती. त्यांतला एक तलाव माझ्या गाळ काढलेल्या तलावाच्या खालच्या अंगाला होता आणि सांडव्याचं पाणी थेट त्याच्यात जात होतं. म्हणजे दुसरी अट मोडत होती. तो वगळला. उरले तीन.

ते तीनही तलाव चांगल्या पावसाच्या वर्षी सुधारले होते. गाळ न काढता.

दोन फरकांमधला फरक काढला तेव्हा माझा मूळचा परिणाम निम्म्याहूनही खाली आला. फॉस्फरसमध्ये थोडी सुधारणा शिल्लक राहिली. गढूळपणाबद्दल काहीच ठामपणे म्हणता येईना. त्या रात्री फार वाईट वाटलं, लपवत नाही. काही महिन्यांपूर्वीच मी त्या गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगून आले होते की तुमच्या तलावाचं पाणी गाळ काढल्याने सुधारलं. राज्यात 2017 पासून गाळमुक्त धरण योजना आहे, लोक श्रमदान करतात, ट्रॅक्टर लावून गाळ शेतात नेतात. त्यांना माझ्या आकड्यांवर पुढचा खर्च ठरवायचा होता. मग परत गेले आणि सुधारून सांगितलं: साठवण वाढली हे खरं, शेताला गाळ मिळाला हेही खरं, पण पाणी स्वच्छ झालं ते मुख्यतः पावसाने. सरपंचताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यंदा पाऊस कमी झाला तर?" तो प्रश्न आता माझं चौथं प्रकरण आहे.

समितीच्या बैठकीत लहान झालेला परिणाम मांडला. मॅडमनी फार काही म्हटलं नाही, तीन तलावांचा नकाशा मागितला आणि पुढच्या पानावर गेल्या.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या प्रस्तावातलं मुख्य वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहा: 'अमुक केल्यामुळे तमुक बदललं'. खाली ही पाच उत्तरं लिहा. 'अमुक' म्हणजे नक्की काय, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय बदललं? मधल्या काळात बाहेर काय घडलं? ती जागा किंवा ती माणसं निवडली कुणी, आणि ती टोकाची म्हणून निवडली का? मोजायची पद्धत आणि मोजणारा तोच राहिला का? आणि ज्याला काहीच केलं नाही असा शेजारी तुमच्याकडे आहे का?

पाचव्या उत्तराची जागा रिकामी राहिली, तर नमुने गोळा करायला बाहेर पडण्याआधी शेजारी शोधा. पहिल्या वर्षी तो शोधायला दोन दिवस लागतात. माझ्यासारखं चौथ्या वर्षी शोधायला गेलात, तर एखाद्या सिनियरचा जुना प्रकल्प कपाटात सापडेलच अशी खात्री नाही.